सोलापूरच्या जुन्या, मोठ्या बागेत मेटल डिटेक्टर : कुठे, कसा आणि कुठे अजिबात नाही

मेटल डिटेक्टर पहिल्यांदा हाती घेतलेला माणूस बहुधा बागेच्या फाटकापासूनच सुरुवात करतो आणि कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची गोल चकती, डावीउजवीकडे फिरवत, पाय नेतील तिकडे जातो. मोठ्या बागेत ही पद्धत का फसते, हे एका साध्या हिशोबाने कळते. साधारण २८ सेंटिमीटर रुंदीची कॉइल घेतली, ती एका वेळी सव्वा मीटर फिरवली, प्रत्येक वेळी कॉइलच्या निम्म्या रुंदीएवढेच पुढे सरकले आणि दर फेऱ्याला दीड सेकंद दिला, तर न थांबता तासाभरात सुमारे चार गुंठे जमीन तपासून होते. दहा एकरांची बाग म्हणजे ४०० गुंठे, म्हणजेच १०० तासांचे काम, आणि तेही एकदाही खाली न वाकता. प्रत्यक्षात दर काही पावलांवर सिग्नल येतो, तो वेगवेगळ्या दिशांनी तपासावा लागतो, खणावे लागते आणि खणलेले नीट बुजवावे लागते. त्यामुळे संपूर्ण बाग तपासण्याचा विचार सोडून देऊन कोणत्या दहावीस गुंठ्यांवर मेहनत घ्यायची, हे आधी ठरवणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे.

सोलापुरात मात्र त्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. शहरातील सर्वांत जुन्या वर्दळीची मोकळी जागा म्हणजे भुईकोट किल्ला, त्यालगतची बाग, सिद्धेश्वर तलाव आणि होम मैदानाचा परिसर. बहामनी काळाच्याही आधीपासून येथे माणसांचा वावर आहे, आदिलशाही आणि निजामशाही यांनी या किल्ल्यासाठी एकमेकांशी झुंज दिली, १८१८ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आजही येथे महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणातून लोक लोटतात. डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याला याहून मोहाची जागा सापडणार नाही, आणि नेमकी हीच जागा त्याने सोडून द्यायची आहे. किल्ला केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवानगीवाचून उत्खनन करता येत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटरचा पट्टा नियंत्रित मानला जातो. या पट्ट्यांतील निर्बंध प्रामुख्याने बांधकामाविषयी असले, तरी पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय तेथे खुरपेसुद्धा मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जमिनीतल्या वस्तूचे निम्मे मोल ती कोणत्या थरात, कशाच्या शेजारी पडली होती यात असते. ती उपटून खिशात टाकली की ती माहिती कायमची नाहीशी होते आणि पुढे कोणत्याही अभ्यासकाला ती परत मिळवता येत नाही.

किल्ल्यापासून दूर असलेल्या बागांसाठी जागेच्या मालकाची, म्हणजे बहुतेक वेळा महापालिकेची, लेखी परवानगी घ्यावी. अमेरिकेतील अनेक शहरांत सार्वजनिक बागेत डिटेक्टर फिरवण्यास नियमानुसार मुभा असते, काही ठिकाणी त्यासाठी परवाना मिळतो, आणि इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले त्याच वातावरणात लिहिलेले असतात. ते सल्ले तंत्रापुरते घ्यावेत, परवानगीच्या बाबतीत मुळीच घेऊ नयेत. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजूनही लागू आहे. जमिनीत दडलेली, १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, सापडल्याची जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. चौकशीअंती ती वस्तू बेवारस ठरली आणि जागामालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागामालकाला मिळतो. सरकारला ती वस्तू हवी असेल, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देऊन सरकार ती घेऊ शकते. माहिती दडवली तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांना आणि कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तूविषयक कायदाही लागू होतो. म्हणून एकाच जागी अनेक नाणी लागली किंवा मडक्याचा काठ दिसला, तर त्याच क्षणी हात थांबवावा. ते काम आपले राहिलेले नाही.

परवानगी हाती आल्यावर यंत्र काय करते, हे समजून घेणे उपयोगाचे ठरते. नेहमीच्या डिटेक्टरच्या कॉइलमध्ये सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा विद्युत प्रवाह असतो आणि त्यामुळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. हे क्षेत्र धातूच्या तुकड्यावर पडले की त्या तुकड्यात लहान भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र तयार होते, आणि कॉइलमधील दुसरे वेटोळे ते टिपते. परत आलेला संकेत मूळ संकेताच्या किती मागे पडला आहे, यावरून यंत्र धातूविषयी अंदाज बांधते आणि पडद्यावर एक आकडा दाखवते. जाड चांदी किंवा तांबे यांचा आकडा वरचा येतो, पातळ वर्खाचा खालचा, आणि लोखंडाचा त्याहूनही खाली. नाण्याएवढी वस्तू साधारणपणे १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंत कळते. दहा-पंधरा फूट खोल किंवा शंभर पावलांवर असलेले सोने ओळखणारे म्हणून जे दांडके विकले जाते, त्याला या तत्त्वाचा कोणताही आधार नाही. गुप्तधनाच्या आशेने त्यावर पैसे घालवणाऱ्यांना कोणीतरी हे वेळीच सांगायला हवे.

आता बागेकडे वळू. पहिली भेट यंत्राशिवाय द्यावी आणि ती सकाळी लवकर किंवा सायंकाळी द्यावी, कारण मावळतीच्या किंवा उगवतीच्या तिरप्या उन्हात जमिनीवरचे जुने उंचवटे आणि बुजलेल्या पायवाटा दिसतात, त्या भर दुपारी दिसत नाहीत. माणसाच्या खिशातून किंवा अंगावरून वस्तू कुठे पडते? जिथे तो बसतो, आडवा होतो, वाकतो, खेळतो किंवा पैसे काढतो तिथे. सोलापूरसारख्या उन्हाच्या शहरात बसण्याची जागा सावली ठरवते, आणि सावली जुने झाड देते. बागेतले सगळ्यांत जाड बुंध्याचे कडुनिंब, चिंच आणि वड आधी शोधावेत. त्यांची सावली दुपारनंतर ज्या बाजूला, म्हणजे पूर्वेकडे, लांबते तो पट्टा पिढ्यान्‌पिढ्या बैठकीचा असतो. झाडाभोवतीचा पार किंवा कट्टा असेल तर लोक त्यावर बसतात आणि वस्तू त्याच्या पायथ्याशी घसरते, म्हणून कट्ट्याच्या कडेपासून साधारण मीटरभराचा पट्टा सर्वांत आधी तपासावा. त्याखालोखाल पाण्याच्या जुन्या नळाची जागा, खेळणी पूर्वी जिथे होती ती जागा, भेळ-शेंगांची गाडी जिथे उभी राहत असे तो कोपरा, आणि बंद झालेल्या फाटकाकडे जाणारी वाट.

बदललेल्या वाटांना मी विशेष महत्त्व देतो. आजच्या सिमेंटच्या वाटेच्या कडेला आजचाच कचरा असतो, पण जी पायवाट तीस वर्षांपूर्वी बंद होऊन हिरवळीखाली गेली, तिथे त्यानंतर फारसे कोणी काही टाकलेले नसते. अशा वाटा सापडण्यासाठी सिटी सर्व्हेचे नकाशे, जुने फोटो आणि गूगल अर्थमधील मागील वर्षांची उपग्रहचित्रे उपयोगी पडतात. त्याहून उपयोगी पडतात ती रोज फिरायला येणारी वडीलधारी मंडळी. गिरण्यांचे भोंगे वाजत असताना पाळी सुटलेले कामगार कुठल्या झाडाखाली डबा खात, हे कोणत्याही नकाशावर नसते. विचारताना आपण काय करणार आहोत ते मोकळेपणाने सांगावे आणि परवानगीचे पत्र दाखवावे. लपवाछपवीने संशय वाढतो.

त्यासोबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते : जमीन मूळची आहे की आणलेली. आपल्याकडे हिरवळ लावताना कठीण किंवा मुरमाड जागेवर बाहेरून माती, पुष्कळदा तलावातली गाळमाती, आणून पसरण्याची पद्धत आहे. हा थर फूटभराचा असेल तर मूळ जमीन डिटेक्टरच्या आवाक्याबाहेर जाते, आणि गाळातून आलेले नाणे बागेचे नसून तलावाकाठच्या कोण्या यात्रेकरूचे असू शकते. हे ओळखण्यासाठी मोठ्या बागेत आधी विखुरलेले नमुने घ्यावेत. पाचसहा वेगवेगळ्या कोपऱ्यांत दहा पावलांचे लहान तुकडे तपासावेत आणि जे निघेल ते तुकड्यानुसार वेगळ्या पाकिटात ठेवावे. एखाद्या तुकड्यात सर्व खोलींवर फक्त अलीकडची नाणी आणि विटांचे तुकडे निघाले तर तो भराव समजावा. जिथे एक तरी जुने नाणे निघेल, तिथे उरलेला वेळ द्यावा.

इथे सोलापूरच्या मातीचा स्वभाव आडवा येतो, आणि परदेशी सल्ला ज्या ठिकाणी सर्वाधिक फसतो ते हेच ठिकाण. तिकडच्या बागांत साधारण नियम असा सांगतात की वस्तू जितकी खोल तितकी जुनी, कारण वरून पानगळ आणि गवत साचत जाते. आपली काळी माती स्वतःच हलते. उन्हाळ्यात ती आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून त्या भेगा मिटतात. परवा पडलेले नाणे एप्रिलच्या भेगेतून वीतभर खाली जाऊ शकते, आणि खालचा खडा किंवा नाणे मातीच्या याच घुसळणीत वर येऊ शकते. त्यामुळे काळ्या मातीत खोलीवरून वय ठरवू नये. मुरमाच्या जागी उलट घडते : कठीण थरावर वस्तू अडून राहते, फार खाली जात नाही, आणि दोन-तीन इंचांवरही जुने नाणे मिळू शकते.

दुसरी अडचण खनिजांची. ही माती बेसाल्ट खडकापासून झालेली आहे आणि त्यात लोहाची चुंबकीय खनिजे असतात. डिटेक्टरला ही जमीनच एखाद्या मोठ्या, अस्पष्ट धातूसारखी भासते. म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्राला जमिनीशी जुळवून घेण्याची सोय, स्वयंचलित असला तरी जागा बदलताना, विशेषतः काळ्या मातीतून मुरमावर जाताना, तो पुन्हा करून घ्यावा. त्यासाठी धातू नसलेल्या जागेवर कॉइल वरखाली हलवायची आणि आवाज स्थिर होईपर्यंत यंत्राला जमिनीशी जुळवून घेऊ द्यायचे. संवेदनशीलता शेवटच्या टोकाला नेण्याचा मोह टाळावा; यंत्र सतत कुरकुरत असेल तर दोन पायऱ्या खाली आणल्याने प्रत्यक्षात अधिक खोलवरचे कळते. काळे वजनदार धोंडे कधी कधी नाण्यासारखा आवाज देतात, पण कॉइल आडवीतिडवी फिरवल्यावर तो आवाज टिकत नाही.

ऋतू निवडताना शेतकऱ्याचा शब्द लक्षात ठेवावा : वाफसा. पाऊस पडून गेल्यावर माती ओली असते पण हाताला चिकटत नाही, त्या दिवसांत खुरपे सहज जाते, मातीसकट कापलेला गवताचा चकता अखंड निघतो आणि परत बसवल्यावर गवत जगते. चिखलात माती कॉइलला चिकटते आणि गवत मुळासकट सुटते. मार्च ते मे या काळात जमीन दगडासारखी असते, तेव्हा काढलेला गवताचा चकता हमखास जळतो, म्हणून त्या महिन्यांत बागेत खणूच नये.

काय सापडू शकते, याचा अंदाज नाण्यांच्या इतिहासावरून येतो, आणि डिटेक्टरच्या दृष्टीने भारतीय नाणी विलक्षण गुंतागुंतीची आहेत. राणीच्या किंवा राजाच्या छापाचा जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा, सुमारे ९२ टक्के चांदीचा. त्याचा आकडा वर आणि ठाम येतो. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, तरी आवाज चांगलाच राहतो. तांब्याचा ढब्बू पैसा असाच स्पष्ट बोलतो. १९४३ ते १९४७ मधला भोकाचा पैसा अंगठीसारखा गोल असल्याने लहान असूनही सापडतो. पण १९४६-४७ ची निकेलची नाणी आणि पुढे साठच्या दशकातले निकेलचे रुपये चुंबकाला चिकटतात, त्यामुळे लोखंड वगळण्याची सोय चालू ठेवली तर ती हातातून निसटू शकतात. १९५७ मध्ये दशमान पद्धत आली, १९६४-६५ पासून अॅल्युमिनियमची नाणी आली : चौकोनी एक पैसा, षट्‌कोनी तीन पैसे, नंतरचे वीस पैसे. ही नाणी हलकी आणि पातळ असल्याने त्यांचा आकडा वर्ख आणि डब्यांच्या कड्या यांच्या आसपास येतो. शिवाय आपली माती विम्ल (अल्कधर्मी) असल्याने त्यांच्यावर पांढरी पूड चढून कडा झिजलेल्या असतात. १९८८ पासून १०, २५ आणि ५० पैसे आणि १९९२ पासून एक रुपया स्टेनलेस स्टीलमध्ये आला. हे स्टील चुंबकीय आहे, म्हणून डिटेक्टरला हा रुपया आणि सोड्याच्या बाटलीचे पत्र्याचे बूच यांत फारसा फरक कळत नाही.

माझा सल्ला असा की सार्वजनिक बागेत स्टीलच्या रुपयासाठी गवत उचकटू नये. लोखंडाच्या पट्टीतले जे सिग्नल उडी मारत वरखाली होतात ते सोडून द्यावेत, आणि जे दोन्ही दिशांनी सारखाच आकडा दाखवतात तेच खणावेत. निकेलचा एखादा रुपया त्यात गमावला जाईल, हे मान्य करावे. बागेची हिरवळ शाबूत राहणे त्याहून मोलाचे आहे.

हरवलेला दागिना शोधून द्यायला कोणी बोलावले, तर हिशोब निराळा असतो. मंगळसूत्राची बारीक साखळी डिटेक्टरला फार वाईट दिसते, कारण भोवऱ्यासारखा प्रवाह संपूर्ण साखळीतून फिरत नाही. प्रत्येक कडी वेगळा लहान तुकडा म्हणून वागते. तेथे वाट्या आणि पदक यांचाच सिग्नल शोधायचा. पायातली जोडवी पुष्कळदा एका बाजूने उघडी असतात. वेटोळे तुटलेले असल्याने चांदी असूनही आवाज क्षीण येतो. सोन्याची अंगठी जाडीनुसार वर्खापासून मधल्या आकड्यांपर्यंत कुठेही दाखवते. म्हणून दागिन्याच्या शोधात लोखंडाखेरीज काहीही वगळू नये, पण जागा मात्र अगदी लहान घ्यावी : हरवणाऱ्याला त्या दिवशी बसल्या जागी पुन्हा बसवावे, मूल कुठे खेळत होते, कुठे वाकून चप्पल घातली, हे विचारावे आणि तेवढे दोन-तीन गुंठे दोऱ्या बांधून पिंजून काढावेत. ताजा पडलेला दागिना गवताच्या मुळाशी असतो, त्यासाठी खणण्याची गरज सहसा पडत नाही.

दोऱ्या बांधण्याची पद्धत जुन्या नाण्यांच्या शोधातही तीच आहे. निवडलेल्या तुकड्याला दीड मीटर रुंदीच्या पट्ट्यांत विभागावे. कॉइल जमिनीला समांतर आणि जवळजवळ टेकलेली ठेवावी. बहुतेकांच्या हाताला सवय असते ती फेऱ्याच्या दोन्ही टोकांना ती उचलण्याची, आणि तिथेच खोली वाया जाते. एका दिशेने पूर्ण झाल्यावर त्याच जागेवर काटकोनात दुसरी फेरी घ्यावी, कारण उभे रुतलेले नाणे एका बाजूने अजिबात ऐकू येत नाही आणि दुसऱ्या बाजूने स्पष्ट येते. कचरा दाट असेल तर मोठी कॉइल काढून १५ सेंटिमीटरच्या आसपासची लहान कॉइल लावावी आणि वेग निम्मा करावा. मिरवणुकीतल्या हलगीच्या कडकडाटात शेजारच्याचे बोलणे बुडते, तसा खिळ्याशेजारच्या चांदीचा संकेत खिळ्याच्या आवाजाखाली बुडतो; लहान कॉइल एका वेळी कमी जमीन पाहते, म्हणून दोन्ही आवाज सुटे होतात. बुचे, वर्ख, तारेचे तुकडे काढून सोबतच्या पिशवीत टाकत गेले की पुढच्या फेरीत त्यांच्याखालचे दडलेले सिग्नल प्रथमच ऐकू येतात. एकाच तुकड्यावर दोन-तीन हंगाम परत येण्याचे कारण हेच आहे.

खणताना गवताचा चकता तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर बिजागरीसारखा उलटावा, निघालेली माती कापडावर घ्यावी, पिनपॉइंटरने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने, नेमकी जागा पाहावी आणि माती परत घालून चकता पायाने दाबून त्यावर पाणी द्यावे. झाडाच्या मुळांत खणू नये. लांबच लांब, एकसारखा येणारा सिग्नल म्हणजे पाण्याची नळी किंवा विजेची केबल. तिथून पुढे जावे. बंदुकीच्या गोळीसारखी किंवा तोफगोळ्यासारखी संशयास्पद वस्तू दिसली तर तिला हात न लावता ११२ वर कळवावे.

सापडलेले नाणे घासू नये. साध्या पाण्यात माती विरघळू द्यावी आणि मऊ कापडावर वाळवावे. चिंच, लिंबू, राख यांनी उजळवलेल्या नाण्यावरचा थर निघून अक्षरेही झिजतात. पाकिटावर तारीख, तुकडा, खोली आणि आकडा लिहून ठेवावा. ओळखता येण्याजोगा दागिना, नाव कोरलेली अंगठी किंवा किल्ल्यांचा जुडगा मिळाला, तर तो शोधणाऱ्याचा होत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ नुसार सापडलेल्या वस्तूची जबाबदारी, तिचा मालक मिळेपर्यंत, सांभाळायला दिलेल्या वस्तूइतकीच असते. तो बागेच्या कार्यालयात किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्यावी, आणि ती पोच परवानगीच्या पत्रासोबत जपून ठेवावी, कारण पुढच्या वर्षी परवानगीचे नूतनीकरण मागताना महापालिकेपुढे ठेवण्यासारखा याहून चांगला कागद नाही.